नेमेसिस
नेमेसिस : ईस्ट इंडिया कंपनीची दोन्ही बाजूंच्या चाकांवर चालणारी लोखंडी युद्धनौका. ग्रीक पुराणकथांतील प्रतिशोधदेवतेचे नाव धारण करणारी ही आगबोट बर्कनहेड (इंग्लंड) येथील जॉन लेअर्ड यांच्या कारखान्यात १८३९ मध्ये बांधण्यात आली. ब्रिटिश नौदलाची भिस्त तेव्हा लाकडी जहाजांवर होती. कंपनीच्या गुप्त समितीने मात्र ही नौका बांधून घेतली. कादंबरीकार व कंपनीचा अधिकारी टॉमस लव्ह पीकॉक हा अशा आगबोटींचा आग्रही पुरस्कर्ता होता.

नेमेसिसची लांबी सु. ५६ मी., रुंदी सु. ९ मी. व एंजिनांची शक्ती १२० अश्वशक्ती होती. तिच्यावर ३२ पौंडी दोन फिरत्या तोफा व अग्निबाण सोडण्याची नळी होती. सपाट तळामुळे ती दोन मीटरांहून कमी खोल पाण्यातही चाले. खुल्या समुद्रात तिला स्थैर्य यावे, म्हणून खालीवर सरकणारे दोन कणे बसविले होते. आतील जलाभेद्य कप्प्यांमुळे सेंट आइव्हजजवळ खडकावर आदळूनही ती बचावली. लोखंडामुळे होकायंत्रात येणारी चूक जॉर्ज एअरी यांच्या पद्धतीने दुरुस्त करण्यात आली.

मार्च १८४० मध्ये विल्यम हचन हॉल या कप्तानाच्या हाताखाली ती ओडेसाचे नाव सांगून निघाली. केप ऑफ गुड होपला वळसा घालणारी ही पहिली लोखंडी नौका. पुढे वादळात तिचा सांगाडा चाकांजवळ उभा फाटत गेला. डेलागोआ उपसागरात तो दुरुस्त करून ती नोव्हेंबरात मकावला पोहोचली.

पहिल्या अफूयुद्धात तिचे खरे सामर्थ्य प्रकट झाले. ७ जानेवारी १८४१ रोजी च्वनपीच्या लढाईत तिच्या अग्निबाणाने एक चिनी युद्धनौका दारूगोळ्यासह उडाली. मोठी जहाजे जेथे जाऊ शकत नव्हती, अशा कँटनलगतच्या उथळ फाट्यांत शिरून तिने मार्चमध्ये अनेक मोर्चे उद्ध्वस्त केले. वारा पडला, की शिडांची जहाजे ओढून नेण्याचे कामही तिच्याकडेच येई. चीनची किनारी तटबंदी समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी होती. नदीतून प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या शत्रूपुढे ती निरुपयोगी ठरली. १८४२ मध्ये ब्रिटिश आरमार यांगत्से नदीतून नानकिंगपर्यंत गेले, त्यातही नेमेसिस होती. ज्या व्यापारासाठी हे युद्ध झाले, त्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे.

१८४३ मध्ये मुंबईच्या गोदीत तिची तपासणी झाली. वारंवार जमिनीला लागल्याने तळाच्या पत्र्यांना खोल पोचे पडले होते. तरीही तळ गळत नव्हता. १८४९ मध्ये बोर्निओतील दयाकांविरुद्धच्या मोहिमेत आणि १८५२ मध्ये दुसऱ्या ब्रह्मी युद्धात इरावती नदीवर ती लढली.