कुऱ्हाड चालते, रंधा चालत नाही!

'जुगाड' हा शब्द हल्ली फार मानाने वापरला जातो. २०१२ साली याच नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, तेव्हापासून व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांमध्ये भारतीय गरिबाच्या कल्पकतेचे गोडवे गायले जातात. काही नसताना माणूस कसा काहीतरी करतो, याचं त्यांना भारी कौतुक. त्या माणसाकडे काही का नव्हतं, हा प्रश्न मात्र त्या वर्गात कुणी विचारत नाही. आम्हाला तो विचारायचा आहे, आणि त्यासाठी चुडाव्यापासून सुरुवात करायची आहे.

चुडावा परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं गाव. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाच्या काळातली लाईन इथूनच जाते. या पट्ट्यातल्या आपल्या कितीतरी कुटुंबांचं पोट रेल्वेने भरलं, तेही बहुतेक गँगमनच्या नोकरीतून. अशाच एका निवृत्त गँगमन आजोबांकडे आम्ही बसलो होतो. वस्तीचं सर्वेक्षण चाललं होतं, आणि 'घरात कोणती अवजारे आहेत' या रकान्यावर त्यांनी आतून एक पोतं आणून आमच्यासमोर रिकामं केलं.

एक रंधा, दोन पटाश्या, एक वाकस, बाभळीच्या बुंध्याची एक मोगरी, एक लाकडी गुण्या. सगळं हाताने केलेलं. रंध्याचं खोड बाभळीचं, पातं भंगारातून आणलेल्या ट्रकच्या कमानपाट्याचं. महिनाभर संध्याकाळी दगडावर घासून त्याला धार आणलेली. पटाश्या झिजलेल्या कानशींच्या. कानशीचं पोलाद इतकं कडक असतं की तसंच वापरलं तर टवका उडतो. म्हणून आधी गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून रात्रभर राखेत निवू द्यायचं. मऊ झालं की दाते घासून काढायचे, आकार द्यायचा, परत लाल करून पाणी द्यायचं. त्यानंतर हलकी ऊब देत बसायचं. पोलादावर पिवळसर झाक चढली की लगेच पाण्यात. झाक निळ्याकडे गेली की धार टिकत नाही. "पहिल्या दोन तडकल्या," आजोबा म्हणाले. "तिसरी ही."

आम्ही विचारलं, रेल्वेचे खिळे नाही का वापरले? ते हसले. "एक तर नोकरी गेली असती. दुसरं म्हणजे त्या लोखंडाला पाणीच चढत नाही, बाबा. मऊ असतं ते." समाजशास्त्राच्या एम. ए.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं त्यांनी कशासाठी केलं? हौसेसाठी नाही. त्यांचं मूळ गाव वेगळं आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्या पेटल्या. त्यात यांचंही घर गेलं. पुढे भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे आले, पण दाराला चौकट नव्हती. गावचा सुतार यायला तयार नव्हता. म्हणजे तो माणूस वाईट होता असं नाही. आला असता तर त्याचंही बलुतं बंद झालं असतं. बायको-पोरांना बिनदाराच्या घरात ठेवून हा माणूस लाईनवर कामाला जात होता. त्या चौकटीसाठी पहिली पटाशी झाली. हा आहे तुमचा जुगाड.

आता जरा मागे जाऊ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात बारा बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. पहिल्या, थोरल्या ओळीत आहेत सुतार, लोहार, महार आणि मांग. इतर प्रांतांतल्या याद्या थोड्या वेगळ्या असतील, पण ही यादी नीट पाहा. खळ्यावर धान्य मागायला सुतार आणि महार एकाच ओळीत! दोघेही कुणब्याच्या सुगीवर अवलंबून, दोघांचाही हिस्सा पाटलाच्या मर्जीवर. तरी सुताराच्या वाकसाला महाराचा हात लागला तर चालत नव्हतं.

आणि लाकडाशी महाराचा संबंध नव्हता असंही नाही. पाटलाच्या वाड्यावर लाकडं कोण फोडत होतं? लग्नाला जळण आणि मयताला सरण कोण वाहत होतं? कुऱ्हाड आमच्या हातात होतीच. लाकूड फोडायची परवानगी होती, लाकूड घडवायची नव्हती. फोडण्याला ताकद लागते, तिची किंमत भाकरीत व्हायची. घडवण्याला हुन्नर लागतं आणि हुन्नराला दाम मागता येतो. कुऱ्हाड आणि रंधा यांच्यामधली ही रेष जातीने आखलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये मांडलं की जात ही श्रमाची विभागणी असण्याबरोबरच श्रमिकांचीही विभागणी आहे, तीही वरखाली रचलेली. ते वाक्य आपण सगळे पाठ म्हणतो. ते पोत्यातून जमिनीवर सांडलेलं बघायचं असेल तर चुडाव्याला या.

कुणी म्हणेल, ही खेड्यातली गोष्ट झाली, यंत्रं आल्यावर हे संपलं. संपलं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणाई खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि उष्टा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. वाफेवर चालणाऱ्या गिरणीतलं हत्यारही बाटत होतं.

रेल्वेचंही तेच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं विधान याच परिषदेतलं, आणि तेवढंच आपण लक्षात ठेवतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला हिशोब मांडला होता. अस्पृश्य गँगमन होऊ शकतो, पण साधा हमालही होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकाम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्ये कारागीर म्हणून तर त्याहून कठीण. मनमाडला सुरू होणारी निजामाची लाईन याच चुडाव्यावरून जाते. आजोबांनी ते भाषण वाचलेलं नाही. पण आयुष्यभर रूळ ठोकूनही त्यांच्या हाती फिटरचं हत्यार आलं नाही, एवढं त्यांना माहीत आहे.

बाबासाहेब इथे केवळ तक्रार करून थांबले नाहीत. १९४२ साली व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, हेही मागितलं. 'शिका' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे कॉलेज होतं तसं वर्कशॉपही होतं. आपल्या चळवळीने कॉलेज घेतलं, वर्कशॉप मागे राहिलं. आम्ही स्वतः कॉलेजवालेच आहोत, तेव्हा हा दोष आमच्याही पदरात घालतो.

हातात नुसतं हत्यार दिलं की सुटका होते, असंही नाही. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीला काळ्या मुलांना सुतारकाम, वीटकाम शिकवलं. शाळेच्या इमारतीही मुलांनीच बांधल्या. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी त्यांना विचारलं की मताचा हक्क आणि उच्च शिक्षण बाजूला ठेवून नुसत्या हुन्नराने माणूस मोकळा कसा होईल? प्रश्न बरोबर होता. बाबासाहेबांनी दोन्ही एकत्र मागितलं, हे त्यांचं वेगळेपण.

मग आजचं काय? १७ सप्टेंबर २०२३ला, मराठवाडा मुक्तीला ७५ वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ व्यवसाय, त्यात सुतारकाम. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचं कर्ज. या योजनेत जातीची अट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आपल्या ज्या पोराच्या हातात हुन्नर आहे त्याने अर्ज जरूर करावा, पैसा कुणाच्या बापाचा नाही. पण तिची भाषा पाहा : 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय', 'गुरू-शिष्य परंपरा'. गुरू-शिष्य परंपरा म्हटलं की आम्हाला एकलव्याचा अंगठा आठवतो. ज्याच्या कुटुंबाला परंपरेनेच हत्यारापासून दूर ठेवलं, त्याने कुठली परंपरा दाखवायची? १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी मुलांनी अर्धा दिवस शाळा करावी आणि अर्धा दिवस बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियार रस्त्यावर उतरले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्याच तामिळनाडूने २०२४ मध्ये विश्वकर्मा योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला आणि कुटुंबाच्या धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना आणली. महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्यांनी यावर किती सभा घेतल्या?

आजोबांच्या वाकसाचा दांडा आम्ही हातात घेऊन पाहिला. त्यावर चार बोटांचे खळगे पडले आहेत. संयुत्तनिकायात तथागतांनी नेमकी हीच उपमा दिली आहे : सुताराला वाकसाच्या दांड्यावर आपल्या बोटांच्या खुणा दिसतात, पण आज किती झिजला आणि काल किती, हे त्याला सांगता येत नाही. आम्ही ते सुत्त आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तथागताला हे कसं माहीत? त्यांनी वाकस धरला होता काय?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्यांचा नातू नांदेडला आयटीआयच्या फिटर ट्रेडला आहे. सर्वेक्षणाच्या रकान्यात आम्ही लिहिलं : अवजारे सहा, सर्व घरी बनवलेली. फॉर्ममध्ये त्यापुढे 'अंदाजे किंमत' असाही रकाना होता. तो आम्ही आजोबांना विचारून भरायचा ठरवला. ते म्हणाले, "लिही, एक चौकट."