बगॅसची राख आणि दूषित पाणी : रंग जातो, क्षार राहतात

एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओले बगॅस निघते. कारखाना ते बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज तयार करतो आणि मागे राख उरते. धुरातून पकडलेली बारीक राख काळपट दिसते, कारण तिच्यात सिलिकाबरोबर न जळलेला कोळसाही असतो. हा कोळसा सच्छिद्र असल्याने पाण्यातील रंगद्रव्ये, वास देणारे सेंद्रिय पदार्थ आणि काही कीटकनाशके त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. या राखेने पाण्यातील लिंडेन व मॅलॅथिऑन काढता येतात, हे रुडकी येथील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. शिसे, कॅडमियम, निकेल हे जड धातूही ती धरून ठेवते. मात्र पाणी फार आम्ल असेल तर धातू नीट चिकटत नाहीत.

कारखाना किंवा आसवनीच्या परिसरातील विहिरीचे पाणी तांबूस झाले की शेतकरी विचारतात, मोटारीजवळ राखेचा फिल्टर बसवला तर चालेल का? रंग कमी होईल, पण तेवढ्याने पाणी सिंचनायोग्य होत नाही. आसवनीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये, दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे मेलॅनॉइडिन हे गडद तपकिरी रंगद्रव्य. राख त्याचा काही भाग शोषते. दुसरी म्हणजे पालाश, क्लोराईड, सल्फेट यांचे विरघळलेले क्षार. ते राखेतून जवळजवळ जसेच्या तसे पार होतात. पाणी नितळ दिसते म्हणून शेतकरी ते निर्धास्तपणे देतो आणि भारी काळ्या जमिनीत क्षार साठत जातात. माझ्या मते रंगीत पाण्यापेक्षा हा धोका मोठा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

घरच्या घरी तपासणी करता येते. राख आधी साध्या पाण्याने चार-पाच वेळा धुवून वाळवावी. न धुतलेल्या राखेतील विद्राव्य पालाशमुळे पाण्याचा सामू आणि क्षार उलट वाढतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम राख टाकून तासभर अधूनमधून ढवळावे, मग दाट कापडातून गाळावे. मूळ आणि गाळलेल्या, दोन्ही पाण्यांची विद्युत वाहकता मोजून घ्यावी. ती ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर बहुतेक पिकांना पाणी चालते. ०.७५ ते २.२५ दरम्यान निचरा चांगला हवा व क्षार सहन करणारे पीक निवडावे. त्यापुढील पाणी नेहमीच्या सिंचनासाठी वापरू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

पिण्यासाठी असा फिल्टर वापरू नये. नायट्रेट त्यातून जात नाही आणि जंतूंचीही खात्री नसते. औष्णिक वीज केंद्रातील कोळशाची राख तर घरगुती प्रयोगाला घेऊच नये. तिच्यातून आर्सेनिक, बोरॉन यांसारखे घटक पाण्यात उतरू शकतात. कॉस्टिक सोड्यात तापवून त्या राखेचे झिओलाइट करता येते व ते अमोनियम आणि शिसे चांगले पकडते. पण हे काम कारखान्याचे आहे. शिवाय सोडियमयुक्त झिओलाइट पाण्यातील कॅल्शियम घेऊन सोडियम सोडते, जे आपल्या जमिनीला नकोच.

थोडक्यात, बगॅसच्या राखेची खरी जागा कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. तिथे राख हाताशी असते आणि वापरलेल्या राखेची विल्हेवाट लावण्याची जबाबदारीही कारखान्याचीच राहते. धातू शोषलेली राख शेतात किंवा उकिरड्यावर टाकल्यास तेच धातू पुन्हा मातीत येतात.

विहीर दूषित झाल्याचा संशय असेल तर आधी कोणतीही प्रक्रिया न केलेला नमुना घ्यावा. त्याच पाण्याने तीनदा विसळलेली स्वच्छ बाटली काठोकाठ भरावी, तारीख व गट क्रमांक लिहावा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील तक्रारीसोबत हा अहवाल जोडता येतो.