स्कोलिनचं कूळ

ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालायची तर स्नायू आधी ढिले पडावे लागतात. भूलतज्ज्ञ ज्याला 'स्कोलिन' म्हणतात ते सक्सिनिलकोलिन हे काम मिनिटभरात करतं आणि पाच-दहा मिनिटांत ओसरतं. ते ओसरतं रक्तामुळे. यकृतात तयार होऊन रक्तद्रवात फिरणारं स्यूडोकोलिनेस्टरेज नावाचं विकर टोचलेल्या औषधातला बहुतेक भाग स्नायूंपर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकतं. ते धरूनच डोस ठरलेला असतो.

हे औषध १९०६ सालीच रीड हंट यांच्या हाती होतं. पण प्रयोगातल्या प्राण्यांना स्नायू ढिले पाडणारं क्युरारी आधीच दिलेलं होतं, त्यामुळे स्नायू ढिले पडल्याचं दिसलंच नाही. ते १९४९ साली डॅनियल बोव्हे यांनी दाखवलं. दोनच वर्षांत स्कोलिन ऑपरेशन थिएटरात आलं, आणि एखाद्या रुग्णाचा श्वास तासन् तास परतेना.

टोरांटोतल्या वेर्नर कालो यांनी याचा छडा लावला: अशांच्या विकराची घडणच वेगळी असते. ओळखायची युक्ती त्यांनी १९५७ साली दिली. डायब्युकेन हे बधिर करणारं औषध नेहमीचं विकर सुमारे ८० टक्के दाबतं, वेगळ्या घडणीचं २० टक्क्यांच्या आसपास. हाच 'डायब्युकेन नंबर'. एकाच पालकाकडून वारसा आला असेल, तर आकडा मध्ये, साठीच्या आसपास येतो.

सोलापुरात पिढ्यान् पिढ्या तेलुगू बोलणारी घरं आहेत, म्हणून पुढचं मला इथे सांगावंसं वाटतं. आर्य वैश्य, म्हणजे कोमटी या तेलुगू भाषिक समाजात या विकराची कमतरता इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते. विकराच्या साखळीत ३०७व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन येतं, हे २००६ साली प्रसिद्ध झालं. दोन्हीकडून हा वारसा आला, तर विकराचं काम जवळजवळ थांबतं. एरवी माणूस ठणठणीत असतो. स्कोलिन टोचेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. लागला, तर श्वास परतेपर्यंत व्हेंटिलेटरवर, झोपेतच ठेवतात. आधी कळलं, तर दुसरं औषध वापरता येतं.

म्हणून घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास उशिरा आला असेल, तर ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, आणि भावंडांची रक्ततपासणीही करून घ्या.