शिखरावर पाणी चढवणारी वाट : इंदापूर, कऱ्हा आणि शंभू महादेवाचा डोंगर

१/ बारामती आणि इंदापूर हे निरा-भीमेच्या खोऱ्यातील सपाट तालुके. निरा ओलांडून दक्षिणेकडे निघाले की फलटणच्या पुढे क्षितिजावर डोंगरांची भिंत उभी राहते. तिच्या माथ्यावर शिखर शिंगणापूर आहे. भोसले घराण्याच्या या कुलदैवताचा इतिहास मुख्यतः पाण्याचा इतिहास आहे. #धागा

२/ सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे गेलेल्या या रांगेला शंभू महादेवाचेच नाव आहे. कृष्णा आणि भीमा यांची खोरी ती वेगळी करते. बारामतीचा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, तर शिखराचा माथा सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे.

३/ हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. मान्सूनचे ढग सह्याद्रीवर रिते होऊन येथवर पोहोचतात. जो थोडा पाऊस पडतो तो काळ्या कातळाच्या उतारावरून वाहून जातो. माथ्यावर नदी नाही, आणि मुख्य यात्रा भरते चैत्रात. म्हणजे पाणी सर्वांत दुर्मिळ असते, नेमकी तेव्हाच माणसे सर्वाधिक येतात.

४/ हा पेच सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांच्या नावावर आहे. मालोजी हे निजामशाहीतील सरदार आणि शिवछत्रपतींचे आजोबा. यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी शिंगणापुरी मोठे तळे बांधले, असे बखरी सांगतात. तेच आजचे पुष्कर तळे. उगवत्या घराण्याने कुलदैवताला अर्पण केले ते साठवलेले पाणी.

५/ मालोजीराजांचा शेवट मात्र सपाटीवर झाला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नुसार ते इंदापूरच्या लढाईत पडले. या लढाईच्या वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इंदापूर शहरात आजही एक गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

६/ पुढे पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. यांतील सुपे आजच्या बारामती तालुक्यात मोडते. अशा रीतीने भोसल्यांची जहागीर निरेच्या उत्तरेला आणि कुलदैवत दक्षिणेच्या डोंगरावर, अशी मांडणी झाली.

७/ तळे झाले, तरी डोंगरावर पाणी वाहून नेण्याची रीत थांबली नाही. कऱ्हाकाठच्या सासवड-खळद परिसरातून दरवर्षी भुतोजी तेली यांची मानाची कावड निघते. कऱ्हा ही बारामतीचीही नदी. सासवड, मोरगाव, बारामती असा प्रवास करून ती निरेला मिळते. कावड मात्र निरा ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी, कोथळ्याला येते.

८/ चैत्र शुद्ध द्वादशीला खरी चढाई होते. समोर मुंगी घाट : जवळजवळ उभा खडक आणि सुटे दगड. कावड म्हणजे आडव्या दांड्याला जोडलेली तांब्याची मोठी भांडी. हे ओझे एकट्याने पेलण्यासारखे नसते. कड्यावर माणसांची साखळी उभी राहते. वरचे दोराने ओढतात, खालचे खांदा लावतात, आणि ‘हर हर महादेव’च्या गजरावर कावड एकेक पाऊल सरकते.

९/ वाट कोणत्या दगडावरून, दोर कोठे धरायचा, दम कोठे घ्यायचा, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते जाणत्यांकडून पुढच्या पिढीच्या हातात येते. घसरलेला एक पाय साऱ्या साखळीला महाग पडू शकतो. गिर्यारोहणाच्या संस्था निघण्याच्या कितीतरी आधी या डोंगराला स्वतःचे वाटाडे होते. माथ्यावर पोहोचल्यावर कावडीतील पाण्याने महादेवाला अभिषेक होतो.

१०/ खालच्या मुलखाची तहान वेगळ्या मार्गाने भागली. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात निरा डावा कालवा निघाला आणि भाटघरचे पाणी बारामती-इंदापूरकडे वळले. कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. कालव्याचे पाणी उताराने खाली येते. डोंगरमाथ्याला त्याचा उपयोग नव्हता. माणचा दुष्काळ त्यानंतरही दीर्घकाळ टिकला.

११/ आज शिंगणापूरपर्यंत मोटाररस्ता आहे. तरीही मुंगी घाटाने चढायचे असल्यास कोथळ्यातील माहीतगार सोबत घ्यावा, पहाटे निघावे आणि पाणी खालूनच भरून न्यावे. माथ्यावर शहाजीराजे, शिवछत्रपती आणि संभाजीराजे यांची स्मारके आहेत. ती पाहताना पुष्कर तळ्याशी घटकाभर थांबावे, म्हणजे कावडीतील पाण्याचे मोल ध्यानात येते.

(धागा समाप्त)