पगाराची तारीख आणि रात्रशाळेची पाटी

१/ सप्टेंबर १८८४. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील पाच मागण्यांत पगारवाढ नव्हती. पगाराची तारीख मात्र होती.

२/ रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, जखमी कामगाराला भरपाई. आणि केलेल्या कामाचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

३/ तारखेला एवढे महत्त्व का? पगार रखडला की घर वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर चाले. हाती येण्यापूर्वीच मजुरीचा एक वाटा व्याजात जाई.

४/ उरलेल्या रकमेलाही कात्री लागे. दंड होत. विणताना बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारले जाई. ‘डबल खाडा’ म्हणजे एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी बुडणे. हा हिशेब ज्या वहीत लिहिला जाई, ती निरक्षर कामगाराला वाचता येत नसे.

५/ लोखंडे हे सत्यशोधक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केल्यामुळे गिरणीचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधू’ हे पत्र चालवले. ज्या जोतीराव फुल्यांच्या विचारांतून ते घडले, त्यांनी १८५५ मध्येच कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी आपल्या घरी रात्रशाळा काढली होती.

६/ १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. पुढे १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने मुंबईच्या कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि ग्रंथालये चालवली.

७/ त्याच वर्षीच्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा कामाचा दिवस १२ तासांवर आणला. १२ तास यंत्रापुढे उभे राहून रात्री पाटी हाती घ्यायची, तर ती वेळ झोपेतूनच काढावी लागे. म्हणूनच कामाचे तास कमी करण्याची लढाई ही शिक्षणाचीही लढाई होती. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली.

८/ अखेर १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. हजाराहून कमी कामगार असल्यास सातव्या दिवसापर्यंत, इतरत्र दहाव्या दिवसापर्यंत पगार देणे बंधनकारक ठरले. दंडावर मर्यादा आली. एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी दोन दिवसांची मजुरी कापण्याची मुभा सर्वसाधारणपणे उरली नाही.

९/ लोखंड्यांनी मागितलेल्या तारखेहून लवकरची तारीख कायद्यात आली, पण त्या अर्जानंतर ५२ वर्षांनी. लोखंडे १८९७ मध्येच निवर्तले होते.

१०/ याच कायद्यात आणखी एक तरतूद होती: कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि कारखान्यातील बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावलाच पाहिजे. रात्रशाळेत अक्षर ओळखलेला कामगार तो कागद स्वतः वाचू शकत होता. ज्याला अक्षर आले नाही, त्याच्यासाठी कायदा अजूनही मुकादम सांगेल तेवढाच होता.