कहरुबा ते करंट

सुप्यात शहा मन्सूर बाबांच्या दर्ग्यावर दिव्यांच्या माळा चढल्या की मला दादांची तसबीह आठवते. पिवळसर मणी सदऱ्याच्या बाहीवर घासून ते कडब्याच्या बारीक काडीजवळ धरत आणि काडी टुणकन मण्याला चिकटे. या मण्यांना ते ‘कहरुबा’ म्हणत.

फारसीत काह म्हणजे गवताची काडी आणि रुबा म्हणजे ओढून नेणारा. अकराव्या शतकात अल-बीरुनीने रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात या कहरुबाची नोंद केली आहे. ग्रीक लोक याच राळेला इलेक्ट्रॉन म्हणत. त्यावरून १६०० मध्ये विल्यम गिल्बर्टने लॅटिन शब्द घडवला आणि इंग्रजीत इलेक्ट्रिसिटी आली. अरबीत तर विजेला आजही कहरबा म्हणतात. म्हणजे दोन्हीकडे विजेचं नाव एकाच मण्यावरून पडलं!

पण घासलेल्या मण्यावरचा भार जागीच बसतो, वाहत नाही. सलग वाहणारा प्रवाह १८०० मध्ये व्होल्टाने मिळवला. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. त्याआधीच फ्रँकलिनने धन आणि ऋण ही नावं देऊन टाकली होती. १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, तो निघाला ऋण. तारेत धावतात इलेक्ट्रॉन, पण पुस्तकातला प्रवाहाचा बाण आजही त्यांच्या उलट दिशेला असतो. शाळेत हे कुणी नीट सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

‘धावतात’ हेही खरं नाही. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पियर प्रवाह जाताना इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही सरकत नाहीत. तरी बटण दाबताच दिवा लागतो. पाइपलाइन भरलेली असली की मोटर चालू करताच टोकाला पाणी पडतं, तसंच हे. शिवाय आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो. कोयनेहून ऊर्जा येते. इलेक्ट्रॉन सुप्यातले सुप्यातच डोलत राहतात.

चाचा एका रात्री पाळीची लाइट आली म्हणून ओल्या पायांनी मोटर चालू करायला गेले आणि स्टार्टरला चिकटले. शेजाऱ्याने कोरड्या बांबूने हात सोडवला म्हणून वाचले. छातीतून तीस मिलिॲम्पियर गेले तरी जीव धोक्यात येतो. साधा बल्ब याहून जास्त घेतो. असला प्रवाह हाताचे स्नायू आवळतो, म्हणून माणसाला सोडवत नाही.

परवा मुलीला तीच तसबीह घासून काडी उचलून दाखवली. चाचा मात्र खाटेवर जरा पलीकडे सरकून बसले.