चंगळ

चंगळ (नाम, स्त्रीलिंगी) : मनमुराद, हात न आखडता घेतलेला उपभोग, खाण्यापिण्याची व मौजमजेची रेलचेल. अनेकवचन सहसा होत नाही.

या शब्दाला दोष लागतो की नाही, हे बरेचसे सोबतच्या क्रियापदावर ठरते. ‘होणे’ किंवा ‘असणे’ आले की बोलण्यात कौतुकच असते. मे महिन्यात आजोळी गेलेल्या नातवंडांची आंब्याफणसांवर चंगळ होते, ज्वारीच्या कणसांत दाणे भरले की पाखरांची होते आणि वृत्तपत्रे खाद्यमहोत्सवाच्या बातमीला ‘खवय्यांची चंगळ’ असा मथळा देतात. इथे भोगणारा षष्ठीत असतो. सुख त्याच्याकडे आपसूक आलेले असते.

‘करणे’ आले की तोच माणूस कर्ता होतो आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. ‘बापाच्या जिवावर चंगळ करतो’, ‘कर्ज काढून चंगळ केली’ ही वाक्ये ठपका ठेवण्यासाठीच बोलली जातात. मित्रमंडळींत सहलीबद्दल ‘चार दिवस नुसती चंगळ केली’ असे खुशीनेही म्हणतात.

चैन, ऐश, छानछौकी आणि उधळपट्टी हे शेजारचे शब्द. ‘चैन’ लहानशीही असू शकते : ‘रविवारी दुपारची झोप, एवढीच काय ती चैन.’ अर्थशास्त्रातही तिला जागा आहे; उत्पन्न वाढते त्यापेक्षा अधिक वेगाने जिची मागणी वाढते, ती ‘चैनीची वस्तू’. ‘ऐश’ फारसीमार्गे आलेला शब्द. मूळ अरबीत त्याचा अर्थ जगणे. छानछौकीत कपडेलत्ते व दिखावा येतो, उधळपट्टीत पैशाची नासाडी.

चंगळवाद : गरजेपलीकडच्या खरेदीलाच सुख मानणारी वृत्ती. 1991च्या आर्थिक उदारीकरणानंतर दूरचित्रवाणीवरील जाहिराती, मॉल आणि हप्त्यांवरील खरेदी यांवरच्या मराठी चर्चेत हा शब्द वारंवार येऊ लागला. मूळ शब्दातला कौतुकाचा अर्थ त्यात उरलेला नाही. ‘चंगळवादी’ हे विशेषण दूषण म्हणूनच वापरतात.

तत्त्वज्ञानातील सुखवाद मात्र वेगळा. सुखाला श्रेय मानणारा ग्रीक विचारवंत एपिक्युरस (इ.स.पू. 341–270) साधे अन्न, मैत्री आणि मनाची शांती यांचा पुरस्कर्ता होता. त्याच्या मताला चंगळवाद म्हणणे चुकीचे ठरते.